एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं

शाळेत असताना वहीच्या शेवटच्या पानावर मी गाड्या काढायचे. चित्रकला यथातथाच, पण दोन-चार रेघांत कुठली गाडी ते शेजारी बसलेल्याला कळायचं. पाठीला अर्धगोल दिला की बीटल. नाकापासून शेपटापर्यंत घसरत जाणारी एकच लांब रेघ ओढली आणि मागचं चाक निम्मं झाकलं की सिट्रोएन डीएस. एक चौकोनी डबा आणि त्याच्या अगदी कोपऱ्यांत चार चिमुकली चाकं, की मिनी. आज त्याच हाताने एखादी नवी एसयूव्ही काढायला बसले तर चित्र बरं जमतं, पण ती कुणाची हे सांगायला खाली नाव लिहावं लागतं.

‘हल्लीच्या गाड्या सगळ्या सारख्याच दिसतात’ ही तक्रार करणाऱ्यांत मीही आहे. ट्रकचे शौकीन तर ती जरा जास्तच कळवळून करतात. पण या तक्रारीचं वय बघायला हवं. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या घरात निघाली आणि त्यातली १९१४ ते १९२५ ही वर्षं ती फक्त काळ्या रंगात मिळत होती. त्या काळातल्या कुठल्याही गजबजलेल्या रस्त्याचा फोटो काढून बघा. उभी सरळ काच, सपाट छप्पर, लाकडी आऱ्यांची चाकं, सुटे मडगार्ड. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. गाडी ओळखायची तर तोंडासमोरच्या रेडिएटरवरून. रोल्स-रॉइसचा ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा, बुगाटीचा घोड्याच्या नालेसारखा, आणि १९३३ पासून बीएमडब्ल्यूचा दोन मूत्रपिंडांचा. बाकी पेटी सगळ्यांची तीच.

शिवाय जुन्या काळातल्या निवडक गाड्याच आपल्या आठवणीत उरल्यात. ज्या कंटाळवाण्या होत्या त्या भंगारात गेल्या, आणि त्यांचे फोटो जपून ठेवायचं कुणाला सुचलं नाही. जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात जाऊन ‘बघा, तेव्हा कशा होत्या’ म्हणणं म्हणजे वर्गातल्या पहिल्या तिघांचे पेपर दाखवून अख्ख्या शाळेचं कौतुक करण्यासारखं आहे.

हे सगळं मान्य केलं तरी काहीतरी गेलंय, ही रुखरुख जात नाही. काय गेलं, यावर माझं मत जरा वेगळं आहे. लोक म्हणतात, डिझायनरांची कल्पनाशक्ती आटली. मला तसं वाटत नाही. आजच्या डिझायनरांचा हात पूर्वीच्यांपेक्षा तसूभरही कमी नाही. गेला तो अभियंत्यांमधला मतभेद. गाडी कशी असावी यावर पूर्वी लोकांचं एकमत नव्हतं, आणि ते भांडण पत्र्यावर उमटायचं.

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे जन्मलेल्या स्वस्त, लहान गाड्या बघा. प्रश्न सगळ्यांपुढे एकच होता: चार माणसं, थोडं सामान, कमीत कमी पैसे. बीटलने इंजिन मागे टाकलं आणि ते हवेने थंड केलं. त्यामुळे तिच्या तोंडाला जाळी लागलीच नाही. श्वास घ्यायच्या फटी मागच्या काचेखाली. सिट्रोएनची टूसीव्ही १९४८ साली आली. तिने दोन सिलिंडरचं इंजिन पुढे ठेवून पुढचीच चाकं फिरवली, आणि ती लांब, मऊ स्प्रिंगांवर डुलत चालायची. फियाट ५००, १९५७ ची, पुन्हा मागच्या इंजिनाची, पण बीटलहून किती तरी लहान. आणि १९५९ साली आलेक इसिगोनिस या अभियंत्याने मिनीत इंजिन आडवं फिरवलं, गिअरबॉक्स त्याच्या खाली तेलाच्या टाकीत बसवला आणि चाकं १० इंचांवर आणली. गाडीची लांबी जेमतेम ३.०५ मीटर, पण तिच्या तळाच्या जागेतला ८० टक्के हिस्सा माणसांना आणि सामानाला मिळाला. मिनीचा खर्च वाचवायला पत्र्यांचे जोड बाहेरच्या बाजूने वेल्ड केले होते. काचेच्या खांबाच्या बाजूने खाली उतरणारी ती शिवण आजही बोटाने चाचपता येते; दाराच्या बिजागऱ्याही सुरुवातीला बाहेरच होत्या. या चारही गाड्या ‘वेगळ्या दिसाव्यात’ म्हणून कुणी वेगळ्या केल्या नव्हत्या. चार डोकी चार उत्तरांवर अडून बसली, एवढंच.

डीएसबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण तिच्याशिवाय हा विषय पुढे सरकत नाही. १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांसमोर आली. फ्लामिनिओ बेर्तोनी या मूर्तिकाराने तिचा आकार घडवला. समोर उभं राहिलं तर जाळी म्हणावी अशी दिसतच नाही, हवा बंपरच्या खालून आत जाते. मागची चाकं पुढच्या चाकांपेक्षा एकमेकांच्या जवळ, म्हणून अंगच मागे निमुळतं होत गेलेलं. वरून फोटो पाहिला तर हे पटकन ध्यानात येतं. छप्पर सुरुवातीला फायबरग्लासचं, का तर वजन वरच्या बाजूला नको. मागचे वळणदर्शक दिवे थेट छपराच्या कडेला, मागून येणाऱ्याच्या नजरेच्या उंचीवर. स्टीअरिंगला एकच आरा. गाडी सुरू केली की दाबाखालच्या तेलावर ती हळूच उचलली जाते, आणि हे पहिल्यांदा बघणाऱ्या माणसाचं तोंड बघण्यासारखं असतं. यातली प्रत्येक गोष्ट कुणाच्या तरी हट्टातून आलेली होती. असली विचित्र गाडी वीस वर्षांत सुमारे साडेचौदा लाख लोकांनी घेतली, हे विशेष.

नुसती सजावट तेव्हाही होती, भरपूर होती. जनरल मोटर्समध्ये १९२७ साली हार्ली अर्ल यांच्या हाताखाली रंगरूपाचा स्वतंत्र विभाग निघाला आणि दरवर्षी नवा चेहरा द्यायची पद्धत तिथे पक्की झाली. लॉकहीडच्या पी-३८ या लढाऊ विमानाच्या शेपटावरून १९४८ च्या कॅडिलॅकला दोन लहान पंख फुटले, ते वाढत वाढत १९५९ साली इतके उंच झाले की त्यापुढे वाढायला जागा उरली नाही. त्या पंखांनी गाडी उडत नव्हती की वळणावर स्थिर राहत नव्हती. मला ते आवडतात, अगदी मनापासून आवडतात. पण ती साडी होती, साडीतली बाई नव्हे. क्रोमच्या पट्ट्या आणि पंख काढून घेतले तर त्या काळातल्या अमेरिकी गाड्यासुद्धा एकमेकींच्या बऱ्यापैकी सख्ख्या बहिणी निघतात.

हे मतभेद मिटवले कुणी? पहिला पंच वारा. वाऱ्याचं गणित निर्दयी आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती आठपट. हे अभियंत्यांना फार आधीपासून माहीत होतं. १९३४ साली क्रायस्लरने एअरफ्लो ही गाडी वाऱ्याच्या बोगद्यात तपासून काढली आणि लोकांनी तिला नाक मुरडलं. चारच वर्षांत ती गुंडाळावी लागली. त्याच वर्षी चेकोस्लोव्हाकियात टात्रा ७७ आली, मागे इंजिन, पाठीवर एक उभा पंख. पण पेट्रोल स्वस्त होतं तोवर वाऱ्याचं कोण ऐकतो! १९७३ च्या तेलसंकटानंतर ऐकावंच लागलं. १९८२ साली ऑडी १०० आली, तिचा हवाविरोधाचा गुणांक ०.३० (हा आकडा जितका लहान तितकी गाडी हवेतून सहज सरकते), काचा पत्र्याच्या पातळीत बसवलेल्या. त्याच वर्षी फोर्ड सिएराही आली, आणि ब्रिटिश गिऱ्हाइकांनी तिला ‘जेलीचा साचा’ म्हणून हसून घेतलं. आधीची कॉर्टिना छान चौकोनी होती ना! आज सिएराचा फोटो बघितला तर तिला का हसले असतील तेच कळत नाही. तिच्यानंतरच्या निम्म्या गाड्या तिच्यासारख्याच झाल्या.

वाऱ्याला पटणारी उत्तरं मुळात थोडी. नाक गोलसर, छपराचा उंचवटा पुढे, तिथून पाठ हळूहळू उतरत न्यायची आणि मग शेपूट एकदम तोडायचं. वुनिबाल्ट काम या जर्मन अभियंत्याच्या नावाने हे तोडलेलं शेपूट ओळखलं जातं. टोयोटाची प्रियस आणि होंडाची दुसरी इनसाइट एकमेकींच्या इतक्या जवळ आल्या, ते याच वाटेने. दोघींनी एकमेकींची नक्कल केली असं लोक म्हणायचे. मला वाटतं, दोघींनी एकाच वाऱ्याची केली.

दुसरा पंच कायदा, आणि इथे मात्र माझी तक्रार घशातच अडकते. युरोपात २००५ पासून नव्या गाड्यांना पादचाऱ्यांच्या सुरक्षेची परीक्षा द्यावी लागते. माणसाचं डोकं बोनेटवर आपटलं तर पत्रा आत दबायला जागा हवी. खाली लगेच इंजिनाचं लोखंड असेल तर कवटी फुटते. म्हणून बोनेट वर आलं, नाक बोथट झालं. उभ्या असलेल्या नव्या गाडीच्या बोनेटवर मधोमध तळहात दाबून बघा (मालकाला विचारून). पत्रा किंचित आत जातो, आणि खाली पोकळी आहे हे हाताला कळतं. बोनेट उंच झालं म्हणून दारं उंच झाली, दारं उंच झाली म्हणून काचा अरुंद झाल्या, आणि थोराड अंगाला शोभावीत म्हणून चाकं मोठी झाली. अमेरिकेत २००९ च्या नियमाने बहुतेक गाड्यांच्या छपराला गाडीच्या वजनाच्या दीडपटीऐवजी तिप्पट भार सोसायला लावला, तेव्हा खांबही जाडजूड झाले. पुढच्या काचेशेजारच्या खांबाआड आता रस्ता ओलांडणारा अख्खा माणूस लपतो. पुढे वाकून, मान काढून बघावं लागतं. जुन्या गाडीत बसलं की पहिल्यांदा जाणवतो तो उजेड, काचघरात बसल्यासारखा. पण तीच जुनी गाडी उलटली तर छप्पर मांडीवर येईल हेही खरं. कुणाच्या कवटीपेक्षा मला माझी आवडती उतरती रेघ जास्त प्यारी आहे, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?

उघडझाप करणारे दिवे मात्र मला अजून छळतात. १९३६ च्या कॉर्ड ८१० मध्ये चालकाने हाताने हँडल फिरवलं की मडगार्डमधून दिवे वर यायचे. तिथून सुरू झालेली ही गंमत २००४ साली संपली, जेव्हा लोटस एस्प्री आणि पाचव्या पिढीची कॉर्व्हेट दोन्ही बंद झाल्या. दिवस मावळताना गाडी डोळे उघडते, यात मला लहानपणी जादू वाटायची आणि मोठेपणी ती काही कमी झाली नाही.

दिव्यांवरून निघालंच आहे तर एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही, कारण ती ‘कायद्याने सगळं एकसारखं केलं’ या सरधोपट बोलण्याला छेद देते. अमेरिकेत १९४० सालापासून सगळ्या गाड्यांना एकाच मापाचे, ७ इंची गोल, सीलबंद दिवे लावायची सक्ती होती. पुढे पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी चार लहान गोल दिव्यांची मुभा मिळाली, सत्तरच्या दशकात चौकोनी दिव्यांची. मनासारख्या आकाराचा दिवा बसवायची परवानगी १९८३ साली आली. १९६७ पासून डीएसचे आतले दिवे काचेआड स्टीअरिंगबरोबर वळायचे. अमेरिकेत ते बसत नव्हते, तिथल्या डीएसला उघडे, स्थिर दिवे लावावे लागले. म्हणजे चाळीसहून अधिक वर्षं त्या देशातल्या प्रत्येक गाडीचे डोळे एकाच दुकानातले होते. तरीही कॅडिलॅक आणि स्टुडबेकर यांत कुणाची गल्लत होत नसे. डोळे सारखे होते, अंगकाठी वेगळी होती.

आज बरोबर उलटं आहे. अंगकाठी ठरलेली, आणि डोळे हवे तसे कोरता येतात. एलईडीला वाटीसारखा परावर्तक लागत नाही, बोटभर रुंदीच्या पट्टीतून रस्ता उजळतो. ऑडीने २००६ च्या सुमारास दिवसा पेटणाऱ्या दिव्यांची नक्षी ही आपली सही केली, आणि २०११ पासून युरोपात नव्या गाड्यांना दिवसाचे दिवे सक्तीचे झाले तेव्हा प्रत्येकाला अशी एक सही शोधणं भागच पडलं. त्यातून अशी मजा झालीय की हल्लीच्या गाड्या मला दिवसापेक्षा रात्री चांगल्या ओळखता येतात. आरशात अंधारातून दोन आडव्या हातोड्या येताना दिसल्या की व्हॉल्व्हो. चौकोनी ठिपक्यांचे चार डोळे आले की ह्युंदाईची आयोनिक ५. दिवस उजाडला की पुन्हा सगळ्या एका माळेचे मणी.

अंगकाठी ठरल्यावर उरतो तो मेकअप, आणि मेकअपने आवाज चढवलाय. भुवया चढवलेले दिवे, दात विचकलेली जाळी. गाडी पार्क केलेली असली तरी भांडायला उठल्यासारखी. बंपरच्या दोन्ही टोकांना ज्या काळ्या जाळीदार खिडक्या असतात, त्यांत मी संधी मिळेल तेव्हा बोट घालून बघते. बऱ्याच वेळा आत भिंत असते. हवा जायला वाटच नाही, नुसतं काळं प्लॅस्टिक. मागच्या बंपरमधल्या चकचकीत नळ्यांचंही तेच. खऱ्या धुराची नळी बिचारी खाली कुठेतरी मान घालून असते. विजेच्या गाडीला फारशी हवा लागत नाही, तरी तिच्या तोंडावर जाळीच्या आकाराची बंद फळी बसवतात. बीएमडब्ल्यूच्या जाळीची ती दोन मूत्रपिंडं २०२० च्या फोर सीरिजमध्ये बंपरपर्यंत उतरली. लोकांनी बोंब मारली, पण ती गाडी लांबून ओळखू येते हे कबूल करायला हवं.

पैशाचा भाग थोडक्यात. पत्रे दाबायचे साचे आणि खालचा सांगाडा अतोनात महाग, म्हणून एकाच सांगाड्यावर चार नावांच्या गाड्या निघतात. हेही जुनंच. ‘फॉर्च्युन’ मासिकाने १९८३ साली मुखपृष्ठावर जनरल मोटर्सच्या चार वेगवेगळ्या नावांच्या गाड्या एकाच रंगात शेजारी शेजारी उभ्या केल्या होत्या. शेव्हर्ले, पाँटिअॅक, ओल्ड्समोबिल आणि ब्युइक. कुठली कुठली ते सांगणं मुश्कील, आणि कंपनीला ते चांगलंच झोंबलं. रंगांची गोष्ट तर आपल्याच गळ्यात येते. जगात विकल्या जाणाऱ्या नव्या गाड्यांत पांढरा, काळा, राखाडी आणि चंदेरी हे चार मिळून पाचातल्या साधारण चार गाड्या व्यापतात. वारा किंवा कायदा कुणालाही राखाडी गाडी घ्यायला सांगत नाही. विकताना अडचण नको म्हणून आपण आत्ताच पुढच्या गिऱ्हाइकाच्या आवडीने जगतो. एसयूव्हीचंही तसंच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशोबाने २०२३ साली जगात विकलेल्या मोटारींपैकी ४८ टक्के एसयूव्ही होत्या. निम्म्या लोकांनी एकाच आकाराची पेटी मागितली तर रस्ता एकसारखा दिसणारच.

आता ट्रक. माझं म्हणणं पटवून द्यायला ट्रकइतका चांगला साक्षीदार नाही.

मोटार विकत घेताना माणूस मनाशी खोटं बोलतो. ट्रक घेताना बोलत नाही. ट्रकचा आकार म्हणजे सरळ हिशोब. तरीही जगात ट्रकांची दोन घराणी आहेत: अमेरिकेचे लांब नाकाचे आणि युरोपचे सपाट तोंडाचे. हा फरक आवडीनिवडीचा असेल असं मला फार दिवस वाटायचं. प्रत्यक्षात तो मोजपट्टीचा आहे. युरोपात ट्रक आणि ट्रेलर मिळून लांबी १६.५ मीटरच्या आत बसवावी लागते. त्यातले साधारण १३.६ मीटर मालाच्या पेटीचे. उरलेल्या जागेत नाक काढलं तर भाड्याचा माल कमी होतो, म्हणून केबिन इंजिनाच्या डोक्यावर चढली आणि तोंड भिंतीसारखं उभं झालं. स्कॅनियाने नाकवाला ट्रक बरीच वर्षं जिवंत ठेवला होता. २००५ साली तोही थांबला.

अमेरिकेतही एकेकाळी अनेक राज्यांत एकूण लांबीवर बंधन होतं, आणि तेव्हा तिकडेही सपाट तोंडाचे ट्रक भरपूर होते. १९८२ च्या कायद्याने महामार्गांच्या राष्ट्रीय जाळ्यावर फक्त ट्रेलरची लांबी मोजायची असं ठरलं. ट्रकने पुढे किती नाक काढायचं ते त्याचं तो बघेल! सपाट तोंडं हळूहळू गेली, लांब नाकं परतली. मग तिथेही वारा आला. १९८५ साली केनवर्थ या अमेरिकी कंपनीने टी६०० काढला, उतरतं बोनेट आणि मागे सारलेला पुढच्या चाकांचा आस असलेला. केनवर्थचाच डब्ल्यू९०० तेव्हा सरळ, उंच, चौकोनी नाकाने फिरत होता आणि चालकांना ट्रक म्हणजे तो माहीत. त्यांनी नव्याला नाव ठेवलं ‘मुंगीखाऊ’. डिझेल मात्र मुंगीखाऊ कमी खायचा, आणि मालक लोक डिझेलची बिलं बघतात.

मॅक या अमेरिकी कंपनीच्या ट्रकवरचा बुलडॉगही मुळात याच वंशातला. मॅकच्या एसी या जुन्या ट्रकमध्ये रेडिएटर इंजिनाच्या मागे होता, म्हणून त्याचं बोनेट समोरून बसकं, बोथट दिसायचं. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैनिकांनी त्याला बुलडॉग म्हणायला सुरुवात केली. पुढे १९३२ साली कंपनीचे मुख्य अभियंते आल्फ्रेड मॅसुरी यांनी दवाखान्यात पडल्या पडल्या तो कुत्रा कोरला आणि तो बोनेटवर जाऊन बसला. रेडिएटर केव्हाच पुढे आला. कुत्रा आपला तिथेच.

आणि मोजपट्टी बदलली की काय होतं, तेही दिसलं. युरोपने २०१५ साली नियम थोडा सैल केला: माल वाढणार नसेल, आणि वाऱ्यासाठी व सुरक्षेसाठी असेल, तर केबिन थोडी लांब चालेल. २०२१ साली डाफ या डच कंपनीने त्यावर बेतलेले ट्रक आणले. नाक १६ सेंटिमीटर पुढे, कोपरे गोल, काच खालपर्यंत उतरलेली, दारात पायाशी आणखी एक छोटी खिडकी, शेजारी सायकल असेल तर दिसावी म्हणून. वीतभर पत्रा मिळाला तर एवढं झालं. ज्यांची कल्पनाशक्ती आटली असं आपण म्हणत होतो, त्यांचीच ही कामगिरी.

विजेच्या गाड्यांनी हे भांडण पुन्हा सुरू होईल अशी मला फार आशा होती. इंजिन गेलं, गिअरबॉक्स गेला, धुराची नळी गेली. आता कुठेही काहीही ठेवा. जनरल मोटर्सने २००२ सालीच स्केटबोर्डसारखा सपाट तळ दाखवला होता, वर हवं ते अंग चढवा म्हणून. प्रत्यक्षात बॅटरीची जाडजूड लादी सगळ्यांनी तळाखालीच ठेवली, माणसं त्यावर बसवली, म्हणून गाड्या अजून उंच झाल्या, आणि एका चार्जिंगमध्ये जास्त अंतर जावं म्हणून वारा पुन्हा डोक्यावर बसला. मर्सिडीजची ईक्यूएस, २०२१ ची, हवाविरोध ०.२०. थक्क करणारा आकडा. आणि दिसायला नदीतला गोटा.

अपवाद आहेत, आणि ते माझ्या आवडीचे असतीलच असं नाही. टेस्लाचा सायबरट्रक मला बघवत नाही. पण माझ्याच फूटपट्टीने मोजायचं तर तो खरा मतभेद आहे: तसलं कडक स्टेनलेस पोलाद साच्यात दाबून वळणं काढता येत नाहीत, म्हणून तो घडी घातलेल्या पुठ्ठ्यासारखा झाला. नुसता नटवा नाही तो. त्याच कंपनीच्या सेमी या ट्रकमध्ये चालक मधोमध बसतो, हे तर मला फारच आवडतं. सव्वाशे वर्षं चालकाची जागा डावीकडे की उजवीकडे यावर जग भांडतंय, आणि कुणीतरी म्हणतं, मधे.

पण असं कुणी काही म्हटलं की आपण त्याचं काय करतो? १९९८ साली फियाटने मल्टिप्ला काढली. तिचे डिझायनर रॉबेर्तो जोलितो यांनी एक साधा प्रश्न विचारला होता: सहा माणसं चार मीटरच्या आत कशी बसतील? उत्तर, तीन पुढे आणि तीन मागे. म्हणून गाडी बुटकी आणि भलतीच रुंद झाली. काचेच्या खाली एक वळी आली आणि त्या वळीत दोन जादा दिवे बसले, बेडकाने डोळे वर काढावेत तसे. आत बसणाऱ्यांना ती मोकळी, उजेडाची, सोयीची वाटायची. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९९९ साली तिला मोटारींच्या प्रदर्शनात जागा दिली. बाहेरून बघणाऱ्यांनी मात्र तिला जगातल्या कुरूप गाड्यांच्या प्रत्येक यादीत बसवलं, अजूनही बसवतात, आणि त्यात ‘हल्लीच्या गाड्या सगळ्या सारख्याच’ म्हणणारेही असतात. अखेर २००४ साली कंपनीने ती वळी काढून टाकली, वरचे दिवे काढले आणि तिला चारचौघींसारखं तोंड दिलं. जुनं तोंड मी आत्ता डोळे मिटून काढून दाखवते. नवं कसं होतं ते विचाराल तर फोटो शोधावा लागेल.